आगोटीची बेगमी

पावसाळा तोंडावर आला की कोकणातली घरे चार महिन्यांची सोय लावायला घेतात. रायगड-अलिबागकडे या दिवसांना आगोट म्हणतात आणि त्या वेळच्या बाजाराला आगोटीची खरेदी. खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गात बेगमी हा शब्द चालतो, गोव्यात पुरुमेंत. नाव कोणतेही असो, मृगाचा पाऊस लागण्याआधी धान्य, कडधान्य, सुकी मासळी, मसाला, मीठ, तेल, सरपण, गुरांची वैरण आणि डोक्यावरचे छप्पर यांचा बंदोबस्त व्हावा लागतो. हे काम कुणी संकटाची तयारी म्हणून करत नाही, वर्षाच्या कामातले एक काम म्हणून करतात. तरीही घराने स्वतःच्या बळावर अडचणीचे दिवस काढायची इतकी पूर्ण आणि इतकी पारखलेली पद्धत महाराष्ट्रात दुसरी दाखवता येणार नाही.

या पद्धतीचे मूळ कोकणच्या भूगोलात आहे. सह्याद्री आणि समुद्र यांच्यात सापडलेली ही चिंचोळी पट्टी जून ते सप्टेंबरात सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस अंगावर घेते. नद्या आखूड, उतार तीव्र. घाटावर पाऊस झाला की काही तासांत खाली पाणी चढते. ओढ्यांवरचे साकव वाहून जात आणि वाडीचा गावाशी, गावाचा बाजाराशी संबंध तुटे. मुंबईहून बंदराबंदरांना लागणाऱ्या आगबोटी पावसाळ्यात बंद असत. समुद्र खवळलेला, त्यामुळे ताजी मासळी नाही. शेतात लावणीची घाई, त्यामुळे बाजारहाटाला सवड नाही. ऊन नाही, म्हणजे वाळवण नाही. हे सगळे दर वर्षी, ठरल्या वेळी होणार हे माहीत असल्याने तयारीलाही ठरलेला क्रम आला.

आपत्तीच्या तयारीबद्दल आज जे सांगितले जाते त्यात बहुधा एक पेटी असते. ती एकदा भरायची आणि कपाटात ठेवून द्यायची. दोन वर्षांनी उघडली तर बॅटरीतले सेल गळालेले, बिस्किटे खवट आणि औषधांची मुदत संपलेली निघते. बेगमीचे तसे होत नाही, कारण साठवलेले रोज खाल्ले जाते आणि पुढल्या मे महिन्यात पुन्हा भरले जाते. जे घरात एरवी शिजत नाही ते बेगमीत येतही नाही. या पद्धतीचा कणा हा आहे, आणि शहरातल्या दोन खोल्यांच्या घरालाही तो जसाच्या तसा उचलता येतो.

सुरुवात छपरापासून होते. मे महिन्यात कौले उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसवतात. छप्पर पूर्वी गवताचे असे तेव्हापासून या कामाला शाकारणी म्हणतात. वाशांना वाळवी लागली आहे का, हे कौले काढल्यावरच कळते. पन्हळीत साठलेला पाला काढायचा, छपरावर आलेल्या फांद्या तोडायच्या, पावसाची बाजू असेल त्या पडवीला नारळाच्या चुडतांची विणलेली झड लावायची. झडीमुळे मातीच्या भिंतीवर पावसाचा मारा बसत नाही आणि पडवीत सरपण, अवजारे आणि माणसे कोरडी राहतात. आता बऱ्याच ठिकाणी झडीच्या जागी निळे प्लॅस्टिक आले आहे. ते पाणी अडवते, पण वारा अडवून धरते आणि जोराच्या वाऱ्यात फाटते. चुडतांतून वारा गाळून जातो.

धान्यात पहिला मान भाताचा. कोकणात वर्षाचा साठा तांदळाचा नसतो, भाताचा असतो. तुसाच्या आत दाणा सुरक्षित राहतो. तूस काढले की सोंडे आणि टोके यांना वाट मोकळी होते. कापणीनंतर झोडलेले भात उन्हात चांगले तापवून कणगीत भरतात. कणगी म्हणजे बांबूच्या बेळांची, शेणामातीने लिंपलेली उंच कोठी. ती जमिनीला टेकू देत नाहीत, खाली दगड किंवा लाकडे ठेवतात. भात वाळले की नाही हे पाहण्याची रीत जुनी आहे आणि अचूकही: दाणा दाताखाली धरायचा, तो कट्टकन तुटला पाहिजे. चेपला गेला तर अजून एक-दोन उन्हे हवीत. धान्यातली ओल साधारण १४ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, साठा आतून गरम होतो आणि किडे वाढतात. वर्षभर ठेवायचे असेल तर ही ओल १२ टक्क्यांच्या जवळ आणावी लागते. दाताची परीक्षा नेमकी हीच ओल मोजत असते.

पावसाळ्यात मात्र भात वाळवायला ऊन मिळत नाही. म्हणून त्या चार महिन्यांचे भात मे महिन्यातच उकडून, वाळवून, भरडून घेतात. उकड्या तांदळाचे फायदे नुसते चवीचे नाहीत. उकडताना कोंड्यातली ब जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात, दाणा घट्ट होतो, भरडताना कण्या कमी पडतात आणि कीड उशिरा लागते. मोठ्या भांड्यांत रात्री भात शिजत ठेवायचे आणि सकाळी अंगणातल्या तट्ट्यांवर पसरायचे, हे काम ज्या वाडीत अजून चालते तिथे मे महिन्याची सकाळ वासानेच ओळखू येते.

कडधान्यांचे तंत्रही उन्हाचेच. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावतात. तेलाच्या पातळ थरामुळे किड्याला दाण्यावर अंडी घालता येत नाहीत. चवळी, वाल, मूग राखेत घोळून मडक्यात भरले की बारीक राख दाण्यांमधल्या फटी भरून टाकते आणि किड्याला फिरायला जागा उरत नाही. कुळथाचे तर पीठच करून ठेवतात. भाजून भरडलेले कुळथाचे पीठ, पाणी, मीठ, दोन आमसुले आणि चिमूटभर तिखट यांवर दहा मिनिटांत पिठले होते. लाकडे ओली आहेत, बाजार बंद आहे, घरात आजारी माणूस आहे, अशा दिवशी कोकणातल्या घराला याच पिठाने तारून नेले आहे. मसाल्याच्या मिरच्या, धने कडक वाळवून कुटतात आणि बरणीत हिंगाचे खडे घालून ठेवतात.

सुक्या मासळीचा बाजार हा आगोटीचा सर्वांत गजबजलेला भाग. यांत्रिक बोटींच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ. बंदी कायद्याने आली त्याच्या कितीतरी आधीपासून कोळी समाज नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देईपर्यंत होड्या वर ओढून ठेवत आला आहे. हे दोन-अडीच महिने सुकट, सोडे, बोंबील, सुका बांगडा, वाकट्या आणि खारवलेली सुरमई यांवर निघतात. बोंबील ताजा असताना त्याच्या अंगात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणी असते. हातात धरला तर घरंगळतो. तो वाळवायला वसई-अर्नाळ्याकडे आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत बांबूच्या वलांड्या उभारतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी आडव्या दोरीवर टाकायची, की खालून-वरून वारा लागतो आणि मीठ न लावताही तीन-चार कडक उन्हांत मासा काडीसारखा होतो. जाड मांसाच्या माशाला हे पुरत नाही. सुरमई, बांगडा चिरून, आतडी काढून मिठात दाबावा लागतो. मीठ मांसातले पाणी ओढून घेते आणि जे उरते ते इतके खारट होते की कुजवणाऱ्या जिवाणूंचे तिथे चालत नाही.

घरी आणल्यावर खरी काळजी दमटपणाची. बाजारातून आलेली सुकी मासळी तशीच डब्यात भरली तर जुलैत तिला पांढरी बुरशी येते. ती आधी दोन उन्हे दाखवून, सोडे-सुकट निवडून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी लागते. एका मोठ्या डब्यापेक्षा चार लहान डबे बरे, कारण प्रत्येक वेळी झाकण उघडले की दमट हवा आत जाते. बुरशी आलेला मासा धुऊन, परत तळून खाणे टाळावे. बुरशीची काही विषे उष्णतेने जात नाहीत.

कोकमाचे काम जिकिरीचे. फळे एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि मागून लगेच पाऊस येतो. पिकलेले लाल फळ फोडून साल वेगळी करतात. बिया आणि गर एका भांड्यात मीठ घालून ठेवतात. त्याला सुटलेला रस म्हणजे आगळ. साली पहिल्या दिवशी उन्हात पसरतात, संध्याकाळी त्या आगळात बुडवतात, सकाळी पुन्हा उन्हात. असे पाच-सहा वेळा केल्यावर साल काळपट जांभळी, मऊ आणि चिवट होते. बोटांनी दाबली की मिठाचे कण लागतात पण ओल लागत नाही. हे झाले आमसूल. ते नीट झाले असेल तर दोन वर्षेही टिकते आणि जुने अधिक आंबट मानतात. उरलेल्या आगळाची बाटली भरून ठेवतात. बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की तूप वर येते. थंड होताना ते हाताने दाबून गोळे करतात. हे मुठेल पावसात चिखलाने पायांना पडलेल्या भेगांना लावतात. एका फळातून आंबट, पेय, औषध असे तीन साठे होतात आणि फेकायला जवळजवळ काही उरत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘कोकण अमृता’ या जातीची फळे बरीचशी पावसाआधी हाती लागतात, म्हणून बागायतदार ती लावतात.

बाकीची यादी घरोघर बदलते. पापड, कुरडया, फेण्या, सांडगी मिरची, आंबापोळी, फणसपोळी, मिठातल्या कैऱ्या, लोणची. फणसाच्या आठळ्या धुऊन, लाल माती लावून कोपऱ्यात ठेवल्या की आषाढात भाजीला आणि चुलीच्या निखाऱ्यात भाजायला होतात. अलिबागचा पांढरा कांदा पातीसकट वेणीसारखा गुंफून माळा करतात आणि त्या वाशाला टांगतात. कांद्यांना हवा लागते, एक सडला तर तेवढाच काढता येतो. नारळ सोलून न ठेवता सोडणासकट ठेवतात.

सरपण हे बेगमीतले सर्वांत मोठ्या आकाराचे आणि सर्वांत आधी सुरू होणारे काम. लाकूड तोडून, फोडून, सहा महिने वाळले तरच जुलैत धूर न करता पेटते. ओले लाकूड आपली बरीच आच स्वतःतले पाणी उडवण्यातच घालवते. गोवऱ्या, नारळाची सोडणे, करवंट्या, झावळ्यांचे पिडे हे पेटवणासाठी वेगळे रचतात. आज जवळजवळ प्रत्येक घरात गॅस आला आहे, आणि बायकांच्या फुफ्फुसांच्या दृष्टीने ते फार चांगले झाले. तरी पडवीत एक चूल आणि महिनाभराचे कोरडे सरपण ठेवणारे घर रस्ता बंद पडल्यावर सिलिंडरच्या गाडीकडे डोळे लावून बसत नाही.

पाण्याची गोष्ट वेगळी, आणि तीत जुनी पद्धत अपुरी पडते हे मान्य करायला हवे. जिथे एवढा पाऊस पडतो त्याच गावांत एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. कारण जांभा दगड सच्छिद्र आहे. त्यात पाणी मुरते तसे वाहूनही जाते, आणि जमिनीचा उतार ते समुद्राला नेऊन देतो. विहिरी फेब्रुवारीपासून खाली जाऊ लागतात. उपाय छपरावरच आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. ६० चौरस मीटरचे, म्हणजे मध्यम घराचे छप्पर ३,००० मिलिमीटर पावसात १ लाख ८० हजार लिटर पाणी झेलते. उडालेले, सांडलेले पाचव्या भागाएवढे वजा केले तरी १ लाख ४४ हजार लिटर उरते. हे सगळे साठवणे कुणाला परवडणार नाही आणि तशी गरजही नाही. पिणे आणि स्वयंपाक यांना माणशी रोज सात लिटर धरले तर पाच माणसांना शंभर दिवसांसाठी ३,५०० लिटर पुरतात. म्हणजे ५,००० लिटरची झाकलेली टाकी एका कुटुंबाचा संपूर्ण उन्हाळा काढू शकते.

टाकी कधी भरायची याला मात्र महत्त्व आहे. पहिल्या पावसाचे पाणी छपरावरची धूळ, शेवाळ, पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते. ते बाहेर सोडायचे. कोकणात घाई करण्याचे कारणही नाही. तीन महिने धुतलेल्या छपरावरचे सप्टेंबरचे पाणी सर्वांत स्वच्छ असते, आणि टाकी तेव्हा भरून बंद केली की ते नितळ राहते. पन्हळीच्या नळीला गाळणी हवी, टाकीला उजेड जाणार नाही असे झाकण हवे, आणि हवेसाठी ठेवलेल्या भोकालाही बारीक जाळी हवी. उजेड गेला तर शेवाळ धरते, भोक उघडे राहिले तर डास.

परसबाग बेगमीची दुसरी बाजू सांभाळते. साठवणीत भात, डाळ, मासळी असते, पण हिरवे काही नसते. ते मृगावर लावलेल्या पडवळ, दोडका, काकडी, भेंडी, लाल माठ यांतून येते आणि त्याआधी रानातून. पहिल्या पावसानंतर टाकळा, भारंग, कुर्डू, फोडशी उगवतात. शेवळे येतात, पण त्यांची खाज मोडायला काकड किंवा बोंडाऱ्याचा पाला घालावा लागतो, आणि ज्याला ते ठाऊक नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये. जमिनीखाली सुरण, करांदे, कणगर वाढत असतात. उकरले नाहीत तोवर टिकतात, पुराचे पाणी उभे राहिले नाही तर वादळानेही त्यांना काही होत नाही. कोंबड्या, एखादी गाय, आळ्याला पुरणारे शेणखत, भांडी घासलेल्या पाण्यावर वाढणारी केळ, असे एकात एक गुंतलेले हे छोटे शेत आहे. संपूर्ण स्वावलंबी घर मात्र कोकणातही कधी नव्हते. मीठ, कापड, रॉकेल, लोखंड बाहेरूनच येई आणि मुंबईहून येणारी मनिऑर्डर तर अर्ध्या कोकणाचा आधार होती. घराने चार महिने तग धरावा एवढीच या व्यवस्थेची मर्यादित आणि शक्य कोटीतली अपेक्षा होती.

या अपेक्षेचा पाया तारखांवर होता, आणि गेल्या काही वर्षांत तारखाच ढळल्या आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यांनिशी किनाऱ्यावर आले. शाकारलेली कौले आणि पत्रे उडाले, सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, भरलेल्या कणग्यांवर थेट पाऊस पडला. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागातल्या अनेक गावांत वीज यायला आठवडे लागले; फोनचे मनोरे बंद पडले. पुढच्याच वर्षी १६ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, ऐन वाळवणाच्या आणि आंब्याच्या दिवसांत. २०२५ साली मान्सून २६ मे रोजी मुंबईत पोचला. सर्वसाधारण तारीख ११ जून. वाळवणाला हक्काची मानलेली शेवटची दोन आठवड्यांची उन्हे त्या वर्षी मिळाली नाहीत आणि झाडावरचे कोकम झाडावरच सडले. यावरून निघणारा पहिला बदल साधा आहे: मे महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यावर काही सोडायचे नाही. भात मार्च-एप्रिलमध्ये उकडावे, शाकारणी एप्रिलअखेर संपवावी, आणि आमसुले पहिल्या फळांचीच करून घ्यावीत.

दुसरा बदल जागेचा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले आणि बाजारपेठेतले तळमजले बुडाले; त्याच दिवशी सावित्रीने महाड बुडवले. पुराच्या पाण्यात जमिनीवर ठेवलेली बेगमी काही मिनिटांत जाते. नदीकाठच्या घरात धान्य, औषधे, कागदपत्रे आणि बिछाने जूनपासूनच माळ्यावर असायला हवेत, आणि माळ्यावर चढायची शिडी घरातच हवी. सारा साठा एका जागी न ठेवणे हेही त्यातच आले. चौथा हिस्सा उंचावरच्या नातेवाइकाकडे ठेवला तर तो दोघांच्याही उपयोगी पडतो. गॅस सिलिंडरबद्दल एक गैरसमज आहे की भरलेला सिलिंडर जड असल्याने जागचा हलणार नाही. घरगुती भरलेल्या सिलिंडरचे वजन सुमारे ३० किलो असते आणि तो ३३ लिटरांहून अधिक पाणी बाजूला सारतो, म्हणजे तो तरंगतो. पाणी चढू लागताच रेग्युलेटर काढून, टोपण बसवून सिलिंडर खांबाला उभा बांधावा. गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

नव्या काळाने काही गोष्टी बेगमीत घातल्या. वीज गेली की पंपाचे पाणी, फ्रिज, फोन आणि पैसे हे चारही एकदम थांबतात. हा शेवटचा मुद्दा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मनोरा बंद पडला की मोबाइलवरून किराण्याचे पैसे देता येत नाहीत, म्हणून दोन आठवड्यांच्या खर्चाची रोकड, तीही सुट्या नोटांत, घरात हवी. सौर कंदील आणि भरलेली पॉवर बँक हवी. रोजच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाचा महिनाभराचा साठा जूनमध्येच आणून ठेवावा. इन्सुलिनची कुपी वीज नसताना मडक्याच्या गारव्यात ठेवता येते: पाण्याने ओल्या ठेवलेल्या मोठ्या मडक्यात लहान कोरडे मडके, त्यात कुपी. सात-बारा, आधार, विमा, रेशनकार्ड यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ते पाकीट दाराजवळच्या खुंटीला टांगावे. निघताना पिशवी शोधत बसायला वेळ मिळत नाही.

हवामान खात्याचे इशारे वाचता येणे ही आता घरकामाइतकीच गरजेची गोष्ट झाली आहे. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर जोरदार, ११५.६ च्या वर अति जोरदार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत जोरदार पाऊस अशी त्यांची वर्गवारी आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, यावरून हे आकडे कसे वाचायचे ते कळेल. नारिंगी इशारा आला की तयारी पूर्ण असावी. लाल इशाऱ्याला तयारी करायला घेणे म्हणजे उशीर. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा थोडा आधी देते आणि लावणीच्या दिवसांत शेतात असलेल्या माणसाला आसरा गाठायला तेवढा वेळ बहुधा पुरेसा असतो.

एका संकटाला कुठलीही बेगमी पुरत नाही, ते म्हणजे दरड. महाड तालुक्यातल्या तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली; त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यात माळीण गाडले गेले. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी काही खुणा पाहत राहायला हव्यात. घरामागच्या उतारावर भेग पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, दारे-खिडक्या अचानक घट्ट बसणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा थांबणे. यातले एक जरी दिसले तरी साठा, गुरे, घर सोडून निघायचे. त्यासाठी कुठे जायचे हे पावसाआधी ठरलेले असावे. दरड असो वा पूर, गुरांची दावी सोडून द्यावीत. बांधलेले जनावर बुडते, सुटलेले बहुधा उंचावर जाते. मदतीसाठी ११२, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७, रुग्णवाहिकेसाठी १०८.

मदतीला सर्वांत आधी पोचतो तो शेजारी. कोकणात लावणी सावडीने होते: आज याच्या शेतात सगळे, उद्या त्याच्या. ज्या वाडीत सावड जिवंत आहे तिथे पडलेले झाड तोडून रस्ता मोकळा करायला यंत्राची वाट पाहत नाहीत. पण आज कित्येक घरांत फक्त म्हातारी माणसे उरली आहेत, तरुण मुंबई-पुण्यात. शाकारणीला माणूस मिळत नाही, उकडे करायला हात नाहीत, आणि जिथे बेगमीची सर्वांत जास्त गरज आहे तिथेच ती सर्वांत कमी भरली जाते. गावाने कोण एकटे आहे, कोणाला उचलून न्यावे लागेल, कोणाकडे होडी, दोर, करवत आहे, याची यादी मे महिन्यातच करून ठेवली पाहिजे. काही जिल्ह्यांत ‘आपदा मित्र’ म्हणून प्रशिक्षण घेतलेले तरुण आहेत. ही यादी त्यांच्या हाती असावी.

पाणी ओसरल्यावरचे पहिले काही दिवस धोक्याचे असतात. चिखलात अनवाणी उतरू नये. पायावरच्या चिरेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरतात, आणि पुरात राबलेल्यांना आरोग्य केंद्र प्रतिबंधक गोळ्या देते, त्या घ्याव्यात. पुरात भिजलेले धान्य वाळवून खाऊ नये. बिछान्यात, कपाटामागे, लाकडांच्या राशीत साप निवारा घेतात. हात घालण्याआधी काठी घालावी. जुलाब सुरू झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोटघोट देत राहावे आणि दवाखाना गाठावा.

विहीर शुद्ध केल्याशिवाय घर पुन्हा चालू झाले असे म्हणता येत नाही. पुराचे पाणी शिरलेली विहीर आधी उपसावी, गाळ काढावा आणि नवे पाणी भरू द्यावे. मग पाणी मोजावे: व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले चार, म्हणजे घनमीटर. त्याला हजाराने गुणले की लिटर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,००० लिटर होते. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर, जिला गावात टीसीएल म्हणतात, सुमारे ७० ग्रॅम लागते. गढूळ पाण्याला जास्त, आणि किती जास्त ते आरोग्यसेवक हॉरॉक्स पेटीने सांगू शकतो. पावडर थेट विहिरीत टाकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून बादली भरावी, चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्याखाली सोडावी आणि वर-खाली झटके देत पाणी ढवळावे. तासभर कुणी पाणी काढू नये. त्यानंतर ग्रामपंचायतीकडच्या ओटी चाचणीत पाण्याला पिवळी छटा आली तर ते वापरायला योग्य. नाही आली तर पुन्हा तेवढीच मात्रा देऊन आणखी तासभर थांबावे लागते.